दाजींसाठी घातलेलं गाऱ्हाणं

परवा नातीनं मला टीव्हीवर एक सिनेमा दाखवला. त्यात एक एकलकोंडा माणूस असतो. कोणाशी बोलत नाही, दार लावून राहतो. मग गावाला त्याचं गुपित कळतं, सगळं गाव त्याच्या दारात जमतं आणि तो रडत बाहेर येतो. सगळे त्याला मिठ्या मारतात. नातीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी मात्र अशी भडकले की उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटत बसले. ती मागून आली, म्हणाली, "आजी, आवडला नाही का गं?" मी म्हटलं, "खोटं आहे सगळं. गाव दारात आलं की असला माणूस बाहेर येत नाही, आणखी आत जातो. मी बघितलंय." तिनं विचारलं, कोणाला बघितलंस? मी म्हटलं, जा, झोप जा.

तिला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सावळादाजी आमच्या घरापासून दोन माड सोडून राहायचे. गाव मालवणपासून दोन कोसांवर, किनाऱ्याला लागून. नाव लिहीत नाही. तिथे अजून माझ्या सासरची माणसं आहेत आणि या वयात मला त्यांच्याशी भांडण नको. दारूबंदी आली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी वेंगुर्ल्याहून लग्न होऊन तिथे गेले. नवरा मुंबईला नोकरीला, वर्षातून एकदा येणार. घरात मी आणि सासूबाई. सातवी पास झालेली सून म्हणून सासूबाईंना माझा अभिमान होता आणि थोडी भीतीही वाटायची.

दाजी तेव्हा चाळिशीचे असतील. उंच, काळे, तळपायांना माड चढून पडलेले घट्टे. दारूबंदीच्या आधी ते माडी काढायचे, नंतर नुसते नारळ. माडाच्या शेंड्यावर असले की हा माणूस सुखी दिसायचा. खाली उतरला की अवघडायचा. बाकीचे नारळ पाडणारे वरून ओरडतात, "सरा रे, खाली कोण आसा?" दाजींना तेवढंही ओरडता यायचं नाही. ते कोयता उलटा धरून झावळीच्या देठावर तीनदा ठोकायचे. तो आवाज आला की गावातलं शेंबडं पोरसुद्धा बाजूला व्हायचं. एकदा मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याला हे ठाऊक नव्हतं. नारळ त्याच्या पायाशी येऊन पडला. तो वर बघून शिव्या द्यायला लागला, तर दाजी अर्धा दिवस माडावरून उतरलेच नाहीत. पाहुणा कंटाळून जेवायला गेला तेव्हा उतरले आणि मागच्या कुंपणातून पसार झाले.

पुढच्या दारानं ते कोणाकडेच गेले नाहीत. मागीलदारी यायचे, एकदा खोकायचे आणि घराकडे पाठ करून फणसाच्या झाडाकडे बघत बोलायचे. सासूबाई मला म्हणायच्या, "गो, वायच बाहेर जा, फणस काय म्हणता बघ." दाजींचं सगळं बोलणं तीन शब्दांत असायचं. होय, नाय आणि बगूया. त्यातल्या 'बगूया'चा अर्थही बहुतेक वेळा 'नाय' असाच असायचा.

गावकरांच्या मुलीच्या लग्नाला त्यांना अक्षत होती. धुतलेला सदरा घालून आले, मांडवाच्या तोंडापर्यंत पोचले, आत माणसांची गर्दी बघितली आणि मागे वळले. कोणी विशेष मनावर घेतलं नाही, ते असेच. मुहूर्त लागला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि सगळं शांत झाल्यावर नवऱ्यामुलाच्या टोपीवर वरून आणखी मूठभर तांदूळ पडले. सगळ्यांनी माना वर केल्या. मांडवाला लागून असलेल्या माडाच्या शेंड्यात दाजी बसले होते, धुतलेल्या सदऱ्यात. आख्खं लग्न त्यांनी तिथून बघितलं होतं. लोक पोट धरून हसले. मीही हसले. मग संध्याकाळी भांडी घासताना त्या सदऱ्याची आठवण झाली आणि हसल्याचं वाईट वाटलं.

"पयल्यापासून असोच," सासूबाई सांगायच्या. "आयबापूस एका पावसाळ्यात गेले. ह्यो पंधरा-सोळा वर्सांचो, गुणो चार वर्सांचो. ह्येणा माडार चढान तेका वाढवल्यान, शाळेत घातल्यान. गुणो बोलको. ह्येच्या वाटणीचासुद्धा तोच बोलायचो."

हा गुणो म्हणजे गुणाजी, दाजींचा धाकटा भाऊ. मी गावात आले तेव्हा तो नव्हता. बोटीवर खलाशी म्हणून गेला होता आणि परत आला नव्हता. वर्षातून तीन-चार पत्रं यायची, सगळी कलकत्त्याहून. पोस्टमन मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "सावळ्या, तुज्या भावाची बोट कलकत्त्याक रुतली काय रे? चार वर्सां थंयसूनच पत्रां येतत." दाजी म्हणायचे, "बगूया."

दाजींना अक्षरओळख नव्हती. गावातले एक म्हातारे मास्तर त्यांना पत्रं वाचून दाखवायचे. मास्तर वारले. त्यानंतर आलेली दोन पत्रं दाजींच्या पत्र्याच्या पेटीत तशीच पडून होती. मग एके दिवशी ते आमच्या मागीलदारी येऊन खोकले. मी बाहेर गेले तर काहीच बोलले नाहीत, गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी सासूबाई व्हायनात भात कांडत होत्या, मुसळाचा धपधप आवाज चालला होता, तेव्हा आले. सदऱ्याच्या आतून पाकीट काढलं. आतला कागद माझ्या हातात दिला नाही, स्वतःच दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. मी वाचायचं आणि त्यांनी फणसाकडे बघायचं. त्यांनी मुसळाची वेळ का निवडली होती, ते मला चार ओळी वाचल्यावर कळलं.

गुणाजी बोटीवर नव्हता. तो कलकत्त्याच्या तुरुंगात होता. बंदरावर खलाशांची मारामारी झाली, यानं एकाला ढकललं, तो दगडी पायरीवर पडला आणि मेला. ही जुनी गोष्ट. मास्तरांना माहीत होती, ते बरोबर घेऊन गेले. आता दाजींखेरीज ती मला ठाऊक झाली.

मी वाचून संपवलं. मुसळ चालूच होतं. दाजींनी कागद घडी करून आत ठेवला आणि पहिल्यांदाच फणसाकडे न बघता माझ्या पायांजवळच्या जमिनीकडे बघत बोलले. "ह्या तुज्या पोटात र्‍हवांदे."

मी म्हटलं, "र्‍हवतला, दाजी."

शब्द दिला मी. कोणी मागून घेतला असता तर एक वेळ वेगळं. मी आपणहून दिला.

त्यानंतर तीन वर्षं मी ती पत्रं वाचली आणि त्यांची उत्तरं लिहिली. दुसऱ्या वर्षापासून ते कागद माझ्या हातात द्यायला लागले. मला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की मी नवऱ्यालाही पत्रात लिहिलं, 'दाजी आता मला मानतात.' कशाबद्दल ते मात्र लिहिलं नाही. तेवढी शुद्ध होती तेव्हा. उत्तर सांगताना दाजी माडांबद्दलच सांगायचे. वाकडा माड वाऱ्यात पडला. विहिरीकडच्या दोघांना भुंगा लागला. तू लावलेला यंदा फुलोऱ्यावर आला. अख्ख्या पत्रात माणूस औषधाला नसायचा. मी म्हणायची, "दाजी, तुमी कसे आसात ता लिहूया?" ते म्हणायचे, "माडांचा लिवलंस मां? मगे झाला."

आणि मग ते पत्र आलं. शिक्षेतून सूट मिळून गुणाजी सुटणार होता. त्यानं लिहिलं होतं, 'दादा, मी घरी येतो. पण गावात कोणाला काही कळता कामा नये. मी बोटीवर होतो, बोट सोडून आलो, एवढंच. जर कळलं असेल तर मी येणार नाही. दुसऱ्या कोणी थुंकलं तर सोसेन, गावानं नुसतं बघितलं तरी सोसवणार नाही.' मी हे वाचलं तेव्हा दाजींनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

त्यानंतरचा महिना मला आठवतो तो दाजींच्या घरच्या चुन्याच्या वासानं. भिंती पांढऱ्या केल्या. बाजारातून दुसरी थाळी आणली, दुसरा तांब्या आणला. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, बगूया. एकदा मागीलदारी येऊन त्यांनी फणसाची दोन सुकी पानं उचलून बाजूला टाकली. मग म्हणाले, "तो इलो की पयला काय बोलू?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. हा माणूस जन्मात कोणाशी सरळ बोलला नव्हता आणि आता त्याच्याच भावाशी काय बोलायचं ते मला विचारत होता. मी म्हटलं, "जास्त काय बोला नको. 'इलंस? बस. पाय धू.' इतक्याच."

"इलंस? बस. पाय धू," ते म्हणाले.

"वायच मोठ्यान."

"इलंस? बस. पाय धू."

नंतर आठवडाभर गावातल्या बायका मला सांगत होत्या, सावळो माडार चढान कोणाशीतरी बोलता, इलंस काय म्हणता, बस काय म्हणता, तेका काय झाला काय. मी म्हणायची, "माका काय म्हायत."

इथपर्यंत मी बरी होते.

मग पत्र येईना. वैशाख लागला. पावसाआधी मुंबईच्या बोटी बंद होतात, त्याला थोडेच दिवस राहिले. दाजी रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभे राहायचे आणि तो दिसला की झाडाआड व्हायचे. जेवण सुटलं. मागीलदारी येऊन म्हणाले, "येवचो नाय तो." एवढंच. मला वाटलं, आपण यांच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. तीन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून मला तिचा भार झाला होता. कुठेतरी ती बोलायची होती आणि देव ही जागा मला सगळ्यांत सुरक्षित वाटली.

सोमवारी दुपारी मी नारळ आणि पानाचा विडा घेऊन रवळनाथाच्या देवळात गेले. आमच्याकडे देवाला काही मागायचं तर स्वतः पुटपुटून भागत नाही. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि हजर असतील त्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. हे मला जन्मापासून माहीत. तरी मी मनाशी धरून चालले होते की दुपारी कोण असणार, गुरव हळू आवाजात उरकून घेईल. सभामंडपात खांबांना टेकून पाच-सहा मानकरी पानं खात बसले होते.

मी पदर पुढे ओढला आणि गुरवाला हळूच म्हटलं, "सावळादाजींचो भाव सुखरूप घराक येवांदे, इतक्याच घाला."

गुरव म्हणाला, "बोटीर आसा मां तो? वादळ-बिदळ इला काय?"

"नाय. अडकलोहा."

"खंय अडकलो?"

मी विड्याचं पान सारखं करत राहिले.

"गो बाय, देवाक अर्धा सांगान चालना नाय. अर्धा गाऱ्हाणा भलत्याकच लागता. सरळ सांग."

मी सांगितलं. कुजबुजून, चार शब्दांत. गुरव वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं नारळ देवापुढे ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा…"

खांबांकडून आलं, "होय म्हाराजा."

"आज ह्या घरच्या सुनेन तुज्या पायाकडे नारळ ठेवलोहा…"

"होय म्हाराजा."

"आपल्या सावळ्याचो भाव गुणाजी, तेच्या हातसून एक माणूस मेलो, म्हणान तो कलकत्त्याच्या तुरुंगात शिक्षा भोगता आसा…"

यावर 'होय म्हाराजा' आलं नाही. पानं चघळणारी तोंडं थांबली. मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्या वेळात मी 'थांबा' म्हणू शकले असते. मी काहीही म्हणू शकले असते. पण मी पदर धरून उभी होते. वडीलधाऱ्या पुरुषांपुढे सुनेनं तोंड उघडायचं नसतं, हे माझ्या हाडात भिनलेलं होतं. लोक त्याला मर्यादा म्हणतात. मी त्याला आता भित्रेपणा म्हणते. मग सगळ्यांत म्हाताऱ्या मानकऱ्यानं, ज्याला गाव बडेगावकर म्हणायचं, त्यानं हळूच "होय म्हाराजा" म्हटलं आणि मागोमाग बाकीच्यांनी.

"काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे, आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा…"

"होय म्हाराजा."

गुरवानं प्रसाद दिला. म्हणाला, "कोणाक बोला नको हां. ही देवाकडची गजाल." मानकऱ्यांनीही माना डोलावल्या. दिवेलागणीपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात ती देवाकडची गजाल पोचली होती, आणि प्रत्येकानं पुढच्याला बजावलं होतं की कोणाला बोलू नको. सासूबाईंना विहिरीवर कळलं. घरी येऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तीन वर्सां तुका म्हायत होता?" त्यांना याचाच राग आला होता, की मी त्यांना सांगितलं नाही.

मी गुरवाकडे जाऊन भांडले. म्हटलं, "तुमी गावभर केलंत." तो खरोखर दुखावला. "मिया देवाक सांगितलंय, गावाक नाय," म्हणाला. त्याच्या हिशेबी ते खरंच होतं.

आणि एक गंमत बघा. गाव वाईट वागलं नाही. वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं. बडेगावकर म्हणाले, "आपण सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटला. आता तो देवान हाडलेलो. तेका घेवक गावान जावक व्हया." सगळे हो म्हणाले. आणि दाजींना मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. तो लाजतो, आयत्या वेळी बघू दे, आनंद होईल त्याला. मलाही बजावलं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. दाजी मागीलदारी आले, पहिल्यांदाच न खोकता. गुणाजी मुंबईला पोचला होता, येत्या शनिवारच्या बोटीनं मालवणला उतरणार होता. मी वाचलं आणि दाजी हसले. वरचा एक दात पडलेला होता, ते मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षांत मी ती फट कधी बघितली नव्हती.

तेव्हा सांगायला हवं होतं. दाजी, गावाला कळलंय, गुणाजीला तार करा, वेंगुर्ल्याला उतरायला सांगा, माझं माहेर आहे तिथे, रात्री गाडीतून आणू. सगळं डोक्यात आलं होतं. मी म्हटलं, "बरा झाला, दाजी."

रात्री सासूबाईंनी विचारलं, "कधी येता तो?"

मी सांगितलं, शनिवारी.

देवळातलं चुकून झालं, असं मी म्हणू शकते, आणि पुष्कळ वर्षं म्हणत आले. हे मात्र मी शुद्धीत केलं. कारण मला वाटायला लागलं होतं की गावाचंच बरोबर आहे. एवढी माणसं एवढ्या प्रेमानं गोळा होतायत, तर त्या दोन भावांचं भलंच होईल. नातीसारखेच डोळे भरून मला ते बघायचं होतं.

शनिवारी मालवणच्या बंदरावर आमच्या गावातली पन्नासेक माणसं होती. ढोल होता. बायकांनी आरतीचं ताट आणलं होतं. मी सासूबाईंच्या मागे उभी होते. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहते, उतारूंना पडावातून आणतात. पडाव निघून गेला होता आणि दाजी अजून दिसत नव्हते. ते पहाटेच चालत निघाले होते आणि गर्दी टाळायला बंदराच्या टोकाशी, जाळी वाळत घातली होती तिथे थांबले होते, हे मागाहून कळलं. कोणीतरी उत्साहात ढोलावर टिपरी मारली.

दाजी जाळ्यांमागून बाहेर आले. आधी त्यांना कळलंच नाही, आपला गाव इथे कशाला. मग ताट दिसलं. बडेगावकर पुढे होऊन म्हणाले, "सावळ्या, भिया नको. आमका सगळा म्हायत आसा. तो आमचो आसा."

दाजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते माणसांमधून कोणाला तरी शोधत होते. मी सासूबाईंच्या आणखी मागे सरले, पण त्यांना मी सापडले. ज्या माणसानं कधी कोणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते. त्यांनी नुसतं बघितलं, आणि मग ढोलवाल्याकडे हात करून म्हणाले, "थांबव." मोठ्यानं. गावानं त्यांचा एवढा मोठा आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

पण तोवर ढोल समुद्रावर पोचलेला होता. पडाव परत आला. दोन मारवाडी उतरले, एक मास्तरीण, एक कुटुंब. गुणाजी नव्हता. बडेगावकरांनी पडावाच्या तांडेलाला विचारलं.

तांडेल म्हणाला, "एक जण शिडयेर इल्लो. पिशयी माझ्याकडे दिल्यानसुद्धा. मगे ढोल ऐकल्यान, बंदरार माणसां बगल्यान, इचारल्यान, कोणाचा काय आसा? मिया म्हटलंय, तुरुंगातसून कोण गावचो सुटान येता, तेका घेवक गाव इलोहा. तेणा पिशयी परत घेतल्यान आणि वर गेलो."

बोटीनं भोंगा दिला आणि ती वेंगुर्ल्याकडे निघाली. दाजी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले होते. त्यांनी हाका मारल्या नाहीत. बोट दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते, आणि पन्नास माणसं मागे उभी राहून एकमेकांना म्हणत होती, वेंगुर्ल्याक उतरतलो, खंय जातलो, येतलो. दोघे जण तिथूनच एस.टी.नं वेंगुर्ल्याला गेले. कोणी सापडलं नाही.

मी त्यांच्या घरी गेले ते आठ दिवसांनी. पुढच्या दारानं गेले, मुद्दाम. ते पडवीत सुंभ वळत बसले होते. मी पाया पडले. रडले, सगळं सांगितलं, देवळातलं आणि शनिवारचंही. त्यांनी वळणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "देवाक म्हायतच होता गो. तेका सांगूची काय गरज होती?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आमचे नारळ काढायला यायचे, नेहमीसारखेच, आणि सासूबाईंना 'होय', 'नाय' म्हणायचे. मी मागीलदारी आले की त्यांचं काम दुसऱ्या माडावर निघायचं. गावानं थोडे दिवस त्यांच्यावर प्रेम केलं, भाजी धाडली, सणाला ताट धाडलं. ताटं कुंपणावर तशीच राहायची आणि कावळे खायचे. मग गावही विसरलं. फक्त मला विसरता येत नव्हतं, आणि ते मला विसरू देतही नव्हते, निदान मला तसं वाटायचं. खरं तर ते माझ्या विचारात असतीलच असं नाही.

दोन वर्षांनी पोस्टमननं मला वाटेत गाठलं. म्हणाला, "सावळ्याक पत्र इला. गोव्यातसून. तेच्या भावाचा अक्षर, मिया ओळखतंय." मी विचारलं, कोणाकडून वाचून घेतलं? "कोणाकडसून नाय," तो म्हणाला. "मिया म्हटलंय, हाड, वाचून दाखयतंय. खिशात घातल्यान नि चलाक लागलो."

त्या पत्राचं काय झालं याची मी वाट बघत राहिले. मला वाटायचं, एक दिवस मागीलदारी खोकला ऐकू येईल. सासूबाई गेल्या. नवऱ्यानं मला मुंबईला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी मी शेजारच्या गावी नणंदेचा निरोप घ्यायला गेले होते. तिथून येताना वाटेत तिथली शाळा लागते. उन्हं कलली होती, मुलं घरी गेली होती. शाळेच्या व्हरांड्यात त्या काळी मोठ्या माणसांना अक्षरओळख शिकवायचे. पाच-सहा माणसं खाली बसली होती, एक तरुण मास्तर फळ्यावर लिहीत होता.

शेवटच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून हातभर दूर, सावळादाजी बसले होते. रोज दोन मैल चालून येत असणार, आमच्या गावात कोणाला कळू नये म्हणून. केस पांढरे झाले होते. मांडीवर पाटी होती आणि कोयता धरणाऱ्या त्या जाड बोटांत पेन्सिल राहत नव्हती. मास्तर म्हणाला ते अक्षर ते ओठ हलवत काढत होते, मोडत होते, पुन्हा काढत होते. सदऱ्याच्या खिशातून पाकिटाचं टोक दिसत होतं, घामानं काळं पडलेलं.

मी कुंपणाशी थांबले. त्यांनी वर बघितलं. मला ओळखलं, आणि पाटीवर तळहात ठेवला.